आडाला सांगून पाणी

“...पण ती काय म्हणाली असेल, बाबा?”

निवासनं पुन्हा तेच विचारलं. अमृतगिरीबाबा मठाच्या पायरीवर वाती वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “मला कसं ठाऊक, लेका? मी कुठं होतो तिथं?”

“मी होतो.”

“मग तूच सांग.”



निवास होता म्हणजे नुसता होता. त्या रात्री जेवणं उरकली होती. आई सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती आणि हा भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. काय बघत होता, ते आज शपथ घालून विचारलं तरी त्याला सांगता यायचं नाही. आई काहीतरी म्हणाली. हा म्हणाला, “हं.” ती जराशी थांबली, आणखी काहीतरी म्हणाली. हा पुन्हा म्हणाला, “हं.” मग तिनं सूप बाजूला सारलं आणि आत जाऊन पडली.

सकाळी तिची वाचा गेलेली. सारं अंगही लुळं पडलेलं. आता डोळे तेवढे हलतात. घशातून साधा हुंकारसुद्धा फुटत नाही. वाचा येईल, नाही येईल, डॉक्टरांनाही सांगवत नाही.

“मी काही अडाणी नाही, बाबा,” निवास म्हणाला. गावातल्या सगळ्यांचे ऑनलाइन अर्ज तोच भरून द्यायचा, त्यामुळं बोलण्यात जरा ताठा होता. “मोबाइलवर जगातलं काहीही सापडतं. दिवसरात्र लकव्यावरचे इलाज शोधतोय. एवढं एकच सापडत नाही, ती काय म्हणाली ते.”

“हं,” बाबा म्हणाले.

निवासनं चमकून पाहिलं. बाबा वातच वळत होते.

“तहान लागलीय मला. जा, पाणी काढून आण.”

मठाच्या त्या माळावर पाण्याचं दुर्भिक्ष. पायरीसमोरचा आड खोल आणि झरा बारीक. म्हणून तिथली जुनी रीत अशी, की पोहरा सोडायच्या आधी आडात तोंड घालून मोठ्यानं सांगायचं, पाणी कशासाठी ते. ज्याला सांगता येत नाही, त्यानं रिकामी घागर घेऊन परत जायचं. भांडण नाही, तंटा नाही.

आडावर वाडीतली सखूबाई उभी होती. तिनं वाकून हाळी दिली, “म्हशीला!” आणि आपणच हसून पुढं म्हणाली, “अंग धुवायला नव्हं, तोंडाला!”

निवासला लाज वाटली. एवढा शिकलेला माणूस, आडात काय ओरडायचं?

“बोला की दादा,” सखूबाई म्हणाली. “आड काय चावतोय व्हय?”

“बाबांना प्यायला!” तो कसाबसा ओरडला. आतून त्याचाच आवाज फिरून वर आला. त्यानं पाणी काढलं, तांब्या भरून नेला. बाबा पोटभर प्याले, तोंड पुसलं.

“आता तुझ्या त्या दुसऱ्या आडात पोहरा सोड. पण आधी सांग.”

निवास पायरीवर टेकला आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला. या खेपेला तो अडखळला नाही. “आईच्या लकव्यावर इलाज बघायला!”

सखूबाईचं हसणं थांबलं. दोर हातात धरून ती तशीच उभी राहिली.

त्यानं मोबाइल उघडला. माळावर रेंज चांगली होती. कुणी वैद्य लसणीचं दूध सांगत होता. त्याच्याखाली कुणी तेल विकत होता. त्याच्याखाली शर्यतीत उधळलेली बैलजोडी, गाडीवान पार पालथा. त्याच्याखाली कुणाची तरी वरात, आणि नवरीच पुढं नाचतेय...

बाबा काहीतरी म्हणाले.

“हं,” निवास म्हणाला.

वाती वळणारे हात थांबले.

वारा तेवढा वाहत होता. आपण पुन्हा ‘हं’ म्हणालो, हे निवासच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. मग त्यानं एकदम मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काय म्हणालात, बाबा?”

बाबांनी हातातली वात पुरी केली.

“बाबा... आईचं काही होतं का? एकदा सांगा. पाया पडतो.”

बाबांनी नवी वात वळायला घेतली. निवास आडाकडे वळला. “मावशी, तुम्ही तर ऐकलं असेल?”

“ऐकलं,” सखूबाई हळूच म्हणाली. “पण ते तुम्हाला होतं, दादा. माझ्या तोंडून कसं सांगू?” तिनं घागर कमरेवर घेतली आणि मागं न बघता उतरणीला लागली.

निवास उठला. तरातरा आडाच्या काठाशी गेला आणि मोबाइल धरलेला हात त्यानं उगारला. “बुडवूनच टाकतो हे!”

बाबा कधी उठून आले कळलं नाही. त्यांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हाताला विलक्षण जोर होता.

“आणि तिचा श्वास अडकला, तर डॉक्टरला कशावरून हाक मारशील? आडात ओरडून?”

निवासचा हात खाली आला. तो काठावरच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. बाबांनी त्याला रडू दिलं. खाली आडात त्याचं रडणं घुमत राहिलं...

“मग मी करू काय, बाबा?”

“घरी जा. मोबाइल उघडायच्या आधी, कशासाठी उघडतोस ते आईच्या कानाशी लागून सांग.”

“आणि मग?”

बाबांनी वळलेल्या वाती ओंजळीत घेतल्या. दिवा लावायला ते आत निघाले, उंबऱ्यात जरासे थांबले.

“ती ‘हं’ म्हणाली, की उघड.”