म्हातारीचा जबडा

फार मागची गोष्ट, नदीला अजून कुणी नाव ठेवलं नव्हतं तेव्हाची. तिच्या डोहात मगरी राहायच्या. रोज ऊन चढलं की म्हातारी मगर वाळूवर येऊन आ वासून पडायची आणि टिटवी आत शिरून तिच्या दातांत अडकलेलं मांस टिपायची.

तरण्या मगरीला त्याचं हसू यायचं. "आत्याबाई, वीतभर पाखरापुढं तोंड उघडता? शोभतं का हे?"

"तूही ये की गं शेजारी. दात दुखायच्या आधीच बघावेत."

"माझे? रेड्याचं हाड फोडतात ते!"

पुढं तरण्या मगरीची अंडी फुटली. पिल्लं वाळूवर आली, तशा वर घारी फिरू लागल्या. मगरी पिल्लांना तोंडात धरूनच पाण्यात नेतात. तिनं पहिलं पिल्लू उचललं, तोच किडलेल्या दातातून अशी कळ निघाली की जबडा आपोआप मिटायला लागला. घाबरून तिनं पिल्लू खाली ठेवलं.

"आत्याबाई, धावा! माझ्याच तोंडाचा मला भरवसा राहिला नाही."

म्हातारी आली. एकेक पिल्लू तिनं अलगद उचललं. त्या भल्यामोठ्या दातांच्या आड, जिभेवर बसून, ती चिमुकली मजेत बाहेर बघत होती. कुणाच्या अंगावर साधा ओरखडाही उठला नाही. शेवटचं पिल्लू पाण्यात सुटलं, तेव्हा कुठं आईच्या जिवात जीव आला.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "जरा तोंड उघडता? मला नीट बघायचंय."

म्हातारीनं उघडलं. डोहातल्या सगळ्या मगरी सरकत जवळ आल्या, आणि एकही किडका दात नसलेला तो जबडा निरखू लागल्या.