कोकराच्या पोटातलं लुगडं

वसईत विहिरीविहिरीवर रहाट फिरत होते, त्या काळची ही गोष्ट. नाताळ जवळ आला की जासिंताबाय ओसरीवर बसून येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी कापडी बाहुल्या शिवायची. त्या वर्षी तिनं जुन्या लाल लुगड्याचा मेंढपाळ शिवला आणि पांढऱ्याशुभ्र फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचं, कोकरू.

मेंढपाळाला एवढंच हवं होतं, की बाळ येशूजवळ उभं राहायला मिळावं. पण कोकरू त्याला बघून मागे सरलं.

"अरे लुगड्या, तू आपला दाराबाहेर थांब. मी आतून-बाहेरून निव्वळ लोकर. तुझा रंग लागला म्हणजे?"

मेंढपाळ बिचारा बाहेर जाऊन उभा राहिला.

कोकरू ऐटीत वळलं, तसा त्याच्या पोटाचा टाका उसवला. आतून एक लाल चिंधी डोकावली, मग दुसरी, मग तिसरी.

"हे माझं नाही," कोकरू कसंबसं म्हणालं.

"तुझंच आहे, बाळा," जासिंताबायच्या शिवणाच्या डब्यातली म्हातारी सुई म्हणाली. "मेंढपाळाला बेतून जे कातरण उरलं, ते बाईनं तुझ्या पोटात भरलं. शिवायला मीच होते की. काढून टाकू सगळं?"

कोकरानं खाली पाहिलं. तीनच चिंध्या पडल्या होत्या, तेवढ्यानंच त्याचे मागचे पाय लुळे पडले होते.

"नको गं आजी, परत भर. आणि त्याला आत बोलाव, बाळाजवळ. मी त्याच्या पायाला टेकून राहीन."

"बरं. पण पांढरा दोरा संपलाय."

"मग लाल घे," कोकरू म्हणालं.