फकिराचा अंगठा

"बाबा, नुसता अंगठा तर पुढं करायचाय. एवढी कसली शंका?"

विचारणारे होते डॉक्टर उन्मेष गिजरे. समोर तकियातला, म्हणजे फकिरांच्या मठीतला, म्हातारा लतीफ फकीर, आपल्या कफनीला ठिगळ लावत बसलेला. अंगठ्याचं मूळ सुजलेलं. टाक्यागणिक कण्हत होता.

गिजरे चेहरे खुलवणारे डॉक्टर. लोकांच्या गालांत सुरकुत्या भरणारं कोलॅजेन टोचायचे. स्वतःचे गालही असे तुकतुकीत, की बसलेली माशी घसरून पडायची. दोन तर माझ्या चहात पडल्या.

आता बोटांच्या सांध्यांतही तेच टोचायचं त्यांनी काढलं होतं. पण गावातली म्हातारी माणसं बिचकत होती. म्हणायची, "आधी फकीरबाबा घेऊ देत." म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम गुरुवार गाठला. त्या दिवशी तकियाचं अंगण म्हाताऱ्यांनी भरलेलं असायचं.

फकिरानं मान वर केली नाही.

"गुण येतो?"

"ज्यांनी घेतलं ते सगळेच म्हणतात, बरं वाटतंय."

"कुणाला म्हणतात?"

"मलाच."

"अन् तेव्हा सुई कुणाच्या हातात असते?"



अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी पेटी उघडली. "बाबा, तुम्ही घेतलंत तर ह्या सगळ्यांचं भलं होईल."

"होईल की. पण आधी माझं एक काम कर. इथं ठिगळावर ठिगळ चढलंय, सुई जात नाही. तू दिवसभर सुयाच टोचतोस. एवढा एक टाका घाल."

डॉक्टर हसले. सुई घेतली. अंगठ्यानं जोर लावला...

"आई गं!"

सुई मातीत. डॉक्टर दुसऱ्या हातानं अंगठा धरून बसलेले.

"कधीपासून?" फकिरानं विचारलं.

"वर्ष झालं असेल. पिचकारी दाबून दाबून..."

"औषध तर तुझ्याच पेटीत आहे."

"आहे."

"गालांत घेतलंस?"

"घेतलं."

"मग अंगठ्यात?"

डॉक्टरांनी अंगणाकडं पाहिलं. म्हातारे माना पुढं काढून ऐकत होते. ठार बहिरे रावजी जंगमसुद्धा.

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "बाबा, गाल बिघडला तर दाढी वाढवता येते. अंगठा बिघडला तर... माझं सगळं ह्या हातावर आहे. सांध्यात त्याचं पुढं काय होतं, ते अजून नीट..."



रावजींनी सुजलेली बोटं हळूच धोतराच्या सोग्यात लपवली.

फकिरानं मातीतली सुई शोधली. कण्हत, दात आवळून, राहिलेला टाका घातला. दोरा दातानं तोडला, कफनी झटकली आणि अंगावर चढवली.

"मी शिवतो ती कफनी मीच घालतो, बेटा."