खिंडीत बसलेली वाघजाई

आंबेटेपला चढताना अर्ध्या घाटात खिंड लागते. तिथे उघड्या कातळावर वाघजाई बसली आहे. गावात तिचं चांगलं दगडी देऊळ आहे, पण गाभारा रिकामा. नवी माणसं विचारतात, देवी अशी वाऱ्यापावसात का? तेव्हा जुनी माणसं सांगतात ते असं.

फार मागे भिवा गुरव देवीची सेवा करी. वर्षातून एकदा देवी पालखीतून खाली नदीवर स्नानाला जाई आणि परत वर येई. वाटेत पालखी टेकवायची नाही, असा दंडक. टेकली तर देवी कोपते, गावात रोगराई येते, असं भिवाला त्याच्या बापानं बजावलं होतं.

त्या वर्षी पालखी वर येत होती आणि धनगरवाड्यातली येसू खाली चालली होती. कालपासून अडली होती बिचारी. तिला मोकळी करील अशी एकच बाई, राही सुईण, ती नदीकाठच्या गावात. नवरा आणि दीर येसूला घोंगडीच्या झोळीत घालून वाशावर नेत होते. खिंडीत ढोल ऐकू आला. देवीची वाट अडवू नये म्हणून दोघांनी घाईघाईनं झोळी करवंदीच्या जाळीत उतरवली, आणि वासा कातळावर आपटून मोडला.

पालखी समोर आली. नवरा हात जोडून बाजूला झाला. वासा मोडल्याचं तो बोललासुद्धा नाही. देवीपुढं आपलं रडगाणं कसं गायचं?

भिवानं मात्र जाळीतलं कण्हणं ऐकलं. थोडा पुढं गेला, पुन्हा ऐकलं. कोणीतरी ढोल जोरात वाजवायला सांगितला. भिवाचे पाय उचलेनात.

"खाली घ्या," तो म्हणाला.

"भिवादा, पालखी टेकायची नाही. तुला का आम्ही सांगायचं?" भोई म्हणाले.

"आई बसेल घटकाभर. तिला काही कळा लागलेल्या नाहीत."

त्यानं स्वतःच्या हातानं देवी कातळावर ठेवली आणि येसूला पालखीत निजवलं. भोई धावत उतरले. भिवा देवीपाशी एकटा राहिला. उठे, वाटेच्या टोकाला जाई, कान देई, परत येऊन बसे. गावावर काही ओढवेल ही एक भीती, येसू वाटेतच जाईल ही दुसरी. शेवटी देवीला म्हणाला, "कोपायचं तर माझ्यावर कोप. पालखी आली की तुलाच आधी उचलतो."

उन्हं कलली तेव्हा पालखी आली. येसू सुटली होती, मुलगी झाली होती. भिवा रडला म्हणे. देवीला उचलायला तो वाकला, तेवढ्यात गावातून साप चावलेल्या एकाला पाठुंगळी घेऊन माणसं आली. भिवानं देवीकडं पाहिलं. "आई, जरा थांब," एवढंच म्हणाला, आणि पालखी पुन्हा उतरली. पुढं असंच होत गेलं. कधी तापानं फणफणलेलं पोर, कधी कड्यावरून पडलेला गडी. देवीची पाळी आलीच नाही, आणि ती कधी कोपलीही नाही, असं सांगतात.

गाडीरस्ता अजून नदीशीच थांबतो. दवाखाना त्याच्याही पलीकडं. आजही जत्रेला गुरव रिकामी पालखी खिंडीत आणतो, आणि देवीला हात लावण्याआधी वरच्या वाड्यांकडं तोंड करून हाक देतो, "कोणाला खाली न्यायचंय का?" ढोल थांबतात. बायका लेकरांना गप्प करतात. एकदा तरी वरून ओ येऊ नये म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहतात.

तसं वर्ष अजून उजाडलेलं नाही.