भैरवसेनाची खरी हार

एका राज्यात समुद्र होता, बंदर होते, बंदरात शंभर गलबते होती; पण वारा नव्हता. म्हणजे अगदी कुठेच नव्हता असे नाही. खाडीच्या तोंडाबाहेर तो चांगला घोंघावत असे. आत यायची मात्र त्याला बंदी होती. त्यामुळे त्या नगरातले दिवे कधी विझत नसत, सुपातला कोंडा उडवायला बायका तोंडाने फुंकर घालीत, आणि शिडांची कापडे लग्नाच्या मांडवावर ताणली जात. वल्ही मारून मारून पुरुषांचे दंड चांगले जाडजूड झाले होते. तक्रार कोणी करीत नसे. अठरा वर्षांत माणसाला कशाचीही सवय होते.

ज्याला सवय झाली नव्हती असा एकच माणूस होता. त्याचे नाव भैरवसेन. राजा मणिभद्राच्या पदरचा हा खड्गवीर. वय अठ्ठेचाळीस, मिशा पांढऱ्या, मनगट लोखंडी. अठरा वर्षांत त्याला कोणी हरवू शकले नव्हते, आणि वारा बंद होता तो नेमका त्यामुळेच.

झाले होते असे. विरूपांग नावाचा मांत्रिक त्या बंदरावर चालून आला. भैरवसेनाने त्याला तीन वारांत लोळवले. इथवर ठीक होते. पण हा तरणाबांड, त्यात जिंकलेला. जीभ ताब्यात राहते होय? मरणाऱ्याच्या उशाशी उभा राहून तो म्हणाला, “माझ्या तोडीचा माणूस अजून जन्माला यायचा आहे!”

मांत्रिक हसला. म्हणाला, “मग बैस वाट पाहत. ज्या दिवशी तू खरोखर हरशील, त्या दिवशी या बंदरात वारा येईल. तोवर तो माझ्या हंड्यात.” एवढे बोलून तो मेला. राहिला तो तांब्याचा हंडा, लाखेने तोंड बंद केलेला. राजाने तो खजिन्यात ठेवला. घणाचे घाव घातले, तरी त्याला पोचा आला नाही. कान लावला की आत घूंऽ असा आवाज येई.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, मुद्दाम हरायचे! तेही झाले. भैरवसेन एका भालदाराकडून ठरवून हरला. तलवार खाली पडली मात्र, बंदरातली सात गलबते जागच्या जागी दगडाची झाली. नशीब, तेव्हा त्यांवर कोणी नव्हते. त्या दिवसापासून भैरवसेन ती सात गलबते रोज पाही, आणि लोकांशी बोलताना त्याची मान खाली असे. लोक चांगले होते, कोणी त्याला शब्दाने दुखवले नाही. त्याचेच त्याला जास्त लागे.

मांत्रिकाचा एक कुरव पक्षी मागे राहिला होता. त्याला माणसासारखे बोलता येई आणि खोटे बोलता येत नसे. त्यामुळे त्याचे कोणाशी फारसे पटत नसे. तो भैरवसेनाच्या कौलांवर राही.

राजाने नियम केला. भैरवसेनाला जो आव्हान देईल, त्याला तीन दिवस तीन डाव मिळतील. एक जिंकला तरी पुरे. मागेल ते दिले जाईल. जागा मात्र भैरवसेन ठरवील. भैरवसेन दर वेळी राजवाड्यापुढचे फरसबंदी अंगण सांगे. मोठमोठे खड्गवीर आले, दोन्ही हातांनी लढणारे आले, डोळे बांधून लढणारे आले. सगळ्यांना त्याने पाणी पाजले आणि दर वेळी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

एके दिवशी सकाळी एक चाच्यांचे गलबत भरधाव खाडीत शिरले. शिरले, आणि त्याचे शीड लोंबकळले. वाराच नाही, जाणार कुठे? राजाच्या वल्हेकऱ्यांनी चहूकडून गराडा घातला. गलबतावर चाळीस माणसे होती आणि त्यांची म्होरकी होती एकोणीस वर्षांची पोर, नाव पवळी. बाप समुद्रात गेल्यावर गलबत तिने आपल्या हाती घेतले होते.

राजा म्हणाला, “या राज्यात चाच्यांना जन्मभर वल्ही मारावी लागतात.”

पवळी म्हणाली, “मी भैरवसेनांना आव्हान देते. जिंकले तर माझी चाळीस माणसे सुटली पाहिजेत.”

“आणि हरलीस तर?”

“तर एकेचाळीस वल्ही तयार ठेवा.”

दुसऱ्या दिवशी अंगणात माणूस मावेना. शंख वाजला. पवळी पाय फाकून, गुडघे वाकवून उभी राहिली आणि उभ्या उभ्या डाव्या-उजव्या अंगाला झुलू लागली. लोक खो खो हसले. “ताडी ढोसून आली की काय गं बाई!” असे कोणीतरी ओरडले. भैरवसेनही मिशीत हसला. तिचा एक वार हवेत गेला, त्याच्यापासून चांगला हातभर दूर. पुढच्या क्षणी तिची तलवार फरशीवर खणखणली. पहिला डाव गेला.

दुसरा डाव जरा लांबला. ती पुन्हा झुलत होती, लोक पुन्हा हसत होते. पुन्हा तिचा वार हातभर चुकला आणि भैरवसेनाने तिला गुडघ्यावर आणून तिची तलवार उडवली. जयजयकार झाला. पण भैरवसेनाचे लक्ष तिकडे नव्हते. तिने जिथे वार केला होता, त्या मोकळ्या हवेकडे तो बघत राहिला. वार चुकला होता खरा. पण इतका लखलखीत वार त्याने जन्मात पाहिला नव्हता. कालचाही तसाच. त्याने आपले पाय पुन्हा मघाच्या जागी ठेवून पाहिले. आपण इथे. ती तिथे. पायाखालची फरशी त्या क्षणी डावीकडे कलली असती, तर आपले मनगट कुठे असते?

नेमके त्या पात्याखाली.

पवळी अंगणाच्या पायरीवर खरचटलेला गुडघा पुशीत बसली होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“पोरी, आज तू वार कुठे केलास?”

“तुमच्या मनगटावर.”

“माझे मनगट तिथे नव्हते.”

“असायला हवे होते,” ती चिडून म्हणाली. “तुमची ही जमीन वेळेवर हलतच नाही.”

“जमीन हलत नसते.”

“तेच तर! मी गलबतावर जन्मले, गलबतावर वाढले. आजवर तीनदा जमिनीवर उतरले असेन, तिन्ही वेळा पायांनी दगा दिला. लाट येण्याआधी वार निघाला पाहिजे, हे बापाने शिकवले. इथे लाटच येत नाही.”

“हे पहिल्या दिवशी का बोलली नाहीस?”

“जागा तुम्ही ठरवायची, असा नियम आहे ना? आम्ही चाचे असलो तरी रडीचा डाव खेळत नाही.”

भैरवसेन घरी आला. खरे सांगायचे तर आधी त्याला आनंद झाला नाही, भीती वाटली. अठरा वर्षे ज्याची वाट पाहिली ते माणूस दारात उभे, आणि हा दार लावून बसला! उद्या पुन्हा फरशी सांगितली की झाले. ती हरेल, चाळीस माणसांबरोबर वल्हे धरील, आणि ही गोष्ट कोणाला कधी कळायची नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. अठरा वर्षे आपण आपल्या अंगणात उभे राहून आपल्यासारखाच शोधत होतो, हेही त्याला तेव्हा पहिल्यांदा कळले.

कौलांवरून कुरव म्हणाला, “काय रे, घाबरलास?”

“घाबरलो.”

“बरे झाले. आता नीट ऐक. नावेवर लढायचे तुझ्या मनात आले आहे, ते कळले मला. पण हरायचे ठरवून नावेवर पाऊल टाकलेस, नुसती मनात जरी ढील दिलीस, तरी त्या पोरीचे गलबत चाळीस माणसांसकट दगड होईल.”

“म्हणजे मला जिंकण्यासाठीच लढले पाहिजे?”

“जीव तोडून. आणि ती तुझ्याहून सरस नसेल तर जिंकशीलही. मग बैस रडत.”

तिसऱ्या दिवशी भैरवसेन राजापुढे गेला. म्हणाला, “महाराज, आजची जागा खाडीचे तोंड. बाहेरच्या समुद्राची लाट जिथे आत येते, तिथे एक मचवा उभा करावा.”

राजाच्या कपाळाला आठी पडली. “फरशीवर तुम्ही जिंकालच. मग हे कशाला?”

“फरशीवर मी तिचा निम्माच हात पाहिला, महाराज. पुरा पाहिल्यावाचून मला चैन पडायची नाही.”

“आणि बुडालात तर?”

“पोहता येते,” भैरवसेन म्हणाला.

रुंद मचवा खाडीच्या तोंडाशी नांगरला. राजा दुसऱ्या नावेत बसला, सारे नगर काठावर लोटले. चाच्यांचे गलबत मागे बंदरातच होते, आणि त्यावरची चाळीस माणसे कठड्याला छाती लावून उभी होती. पवळीने फळ्यांवर पाय ठेवला आणि काय सांगू! दोन दिवस झुलणारी ती पोर समईसारखी ताठ, स्थिर उभी राहिली. मचवा झुलत होता, ती नव्हती. आज कोणी हसले नाही.

पहिल्याच लाटेला भैरवसेन आपटला, तो थेट पाठीवर. पवळी दोन पावले मागे सरून थांबली. “उठा,” ती म्हणाली.

तो उठला. दुसऱ्या लाटेला गुडघ्यावर आला, तिसरीला सावरला. आणि मग त्याचे तीस वर्षांचे कसब जागे झाले. लाट किती वेळाने येते, मचवा कुठून उचलतो, कुठे टेकतो, ते त्याच्या तळव्यांनी टिपले. दहाव्या लाटेला तो फरशीवर उभा राहावा तसा उभा होता. आता त्याने वार सुरू केले. दया नाही, माया नाही. वारावर वार, हुलीवर हूल. पवळीच्या नाकी नऊ आले. एक एक पाऊल करीत त्याने तिला नाळेपर्यंत, मचव्याच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत, रेटले. तिच्या मागे पाणी, पुढे भैरवसेन. काठावरच्या लोकांनी डोळे मिटून घेतले. शेवटचा वार त्याने उचलला, आणि तो जिंकण्यासाठीच उचलला होता, यात तिळमात्र शंका नको.

पवळीने मागे वळूनही पाहिले नाही. लाट अजून दूर होती. मचवा अजून हललाही नव्हता. तिचा वार निघाला, तो हवेतच गेला, भैरवसेनाला वाटले पुन्हा चुकला. आणि मग लाट आली. मचव्याने त्याला उचलून बरोबर त्या वाराखाली नेऊन ठेवले. पात्याची सपाट बाजू मनगटावर बसली. तलवार सुटली, दोनदा उलटली आणि बुडुक करून पाण्यात गेली.

भैरवसेन रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. आधी त्याला संताप आला, असा की दात कचकन वाजले. मग त्याने झटकन मान वळवून चाच्यांच्या गलबताकडे पाहिले. गलबत लाकडाचेच होते. चाळीस माणसे हात हलवीत ओरडत होती.

“हरलो!” भैरवसेन म्हणाला. मग त्याने तेच दोन्ही हात वर करून मोठ्याने म्हटले, “अहो, खरोखर हरलो!” आणि तो पांढऱ्या मिशांचा खड्गवीर लहान मुलासारखा रडू लागला.

तेवढ्यात खजिन्यात ताडकन आवाज झाला. हंडा फुटला होता. वारा राजवाड्याच्या खिडकीतून निघाला, बाजारातून आला, राजाचा शेला उडवून पाण्यात टाकता झाला. दगडाची सात गलबते करकरली, पुन्हा लाकडाची झाली आणि नांगराला हिसके देऊ लागली. म्हातारे नावाडी डोलकाठ्यांवर चढले. मुलांनी वारा कधी पाहिलाच नव्हता, ती घाबरून आयांच्या पदराआड लपली आणि मग हळूच तोंड बाहेर काढून हसली.

राजाने शब्द पाळला. चाळीस माणसे सुटली. या राज्याच्या नावांना हात लावणार नाही, असे पवळीनेही वचन दिले. कुरवाचे इथले काम संपले होते. “पोरी, जिंकलीस हे ठीक,” तो जाता जाता म्हणाला, “आता तोंड सांभाळ म्हणजे झाले,” आणि तो समुद्रावर उडून गेला.

शिडे भरली, निघायची वेळ झाली. तरी पवळी गलबतावर चढेना. ती भैरवसेनाच्या दारात येऊन उभी राहिली.

“मला जमिनीवर उभे राहायला शिकवा,” ती म्हणाली.

“तू मला हरवलेस. आता आणखी काय हवे?”

“फरशीवर तुम्ही मला दोनदा हरवलेत. ते मला झोपू देणार नाही.”

भैरवसेनाने तिच्याकडे नीट पाहिले. पोर खरेच चिडलेली होती. त्याला तिचे फार कौतुक वाटले, आणि आज कितीतरी वर्षांनी त्याची मान ताठ होती. “शिकवीन,” तो म्हणाला. “पण मुद्दाम हरणार नाही, सांगून ठेवतो.”

“हरलात तर तोंड बघणार नाही तुमचे!” पवळी म्हणाली. तिने पायातले जोडे काढले आणि अंगणात उतरली.

त्या बंदरात तेव्हापासून वारा वाहतो आहे. भैरवसेनाला जसा तोडीचा गडी भेटला, तसा तुम्हा-आम्हालाही भेटो. आणि भेटला की ओळखता येवो.