झिजली का चाल?

त्या दिवशी ऊन मऊ होतं आणि वाऱ्याला ओल्या हळदीचा वास होता. माझ्या पेटीचा भाता फाटला होता, दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून मी मंगल कार्यालयाच्या मालकांकडे, बापूसाहेब चौगुल्यांकडे गेलो. मी बांधलेली वरातीची चाल ते प्रत्येक लग्नात वाजवत. रचणाऱ्याचा वाटा मात्र देत नसत.

बापूसाहेब हसले. "तात्या, वाजवून चाल झिजली का? आहे तशीच आहे की. मग पैसे कसले?"

मी म्हटलं, "खरं आहे. कालच्या लग्नानं तुमचं कार्यालय तरी कुठं झिजलं? मग भाडं कसलं?"

कालच्या नवरीचा बाप तिथंच भाडं द्यायला आला होता; त्यानं पाकीट परत खिशात घातलं. बापूसाहेबांनी माझा वाटा काढून दिला.

हे ऐकून शेजारचा रंगराव म्हणाला, "तात्या, तुमची चाल दुबईतबी वाजतीय म्हणं. तिथल्या हॉलच्या मालकालाबी एकदा 'झिजला का हॉल' म्हणून विचारून या."