झाडांना दटावणारी प्रमिला

फार वर्षांपूर्वीची, आसलवाडीच्या डोंगराला टक्कल होतं तेव्हाची गोष्ट. दर पावसाळ्यात शहरातल्या कॉलेजची पोरं ट्रकमधून यायची, शाळेत मुक्काम ठोकायची आणि श्रमदान म्हणून डोंगरावर रोपं लावायची. गाणी व्हायची, भाषणं व्हायची, फोटो व्हायचा. मग ट्रक जायचा, शेळ्या रोपं खायच्या आणि उरलंसुरलं ऊन जाळायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेच म्हणजे अगदी तेच! मुरूम खोदून हाताला फोड येतात, म्हणून पोरं गेल्या वर्षीच्या खड्ड्यातली वाळकी काडी उपटायची आणि तिथंच नवं रोप खोचायची. आता याला काय म्हणावं!

अशाच एका शिबिरात प्रमिला ढमढेरे नावाची मुलगी आली. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की शिवारातले बैल थबकायचे, असं म्हणतात. तिच्या वाट्याच्या प्रत्येक खड्ड्यातून काडीच निघाली.

"ही कुणी लावली होती?" तिनं विचारलं.

"आपणच की," मैत्रीण हसत म्हणाली. प्रमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात निरोपाच्या सभेत गावचे बाळोबा पाटील उठले. म्हणाले, "पोरांनो, लई झाला ह्यो खेळ. औंदा झाडं जगली तर डोंगर झाडांचा. न्हाई तर पुढल्या पावसाळ्यात खडीवाल्याला देऊन टाकतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! भाषण संपलं की वाजवायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. प्रमिलानं कपाळावर हात मारून घेतला. ट्रक निघाला तेव्हा ती त्यात चढलीच नाही.

ती पाटलीणबाईंच्या पडवीत राहिली. पाऊस सरला तशी रोज विहिरीवरून घागरी भरून डोंगर चढायची आणि पोरांवरचा सगळा राग झाडांवर काढायची. "मरायचंच होतं तर लावून कशाला घेतलंस? मान वर कर आधी!" करंज, कडुनिंब, सीताफळ, तिनं एकाला सोडलं नाही. झाडांची मरायची छाती होईना, असं म्हणतात. शेळ्या तिचा आवाज ऐकून वाट बदलायच्या. एकदा न बरसताच निघालेल्या ढगाला तिनं हटकलं, "ए, कुठं निघालास? खाली दिसत नाही का?" तर तो बिचकून मागं फिरला आणि पाणी टाकून गेला, असंही म्हणतात.

गावातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हसायच्या, पण घागर एकीनं उचलली तर शपथ!

मग वैशाख आला. विहिरीनं तळ गाठला आणि प्रमिलाला तापानं गाठलं. घसा असा बसला की शब्द फुटेना. दोन दिवस पाणी चुकलं की डोंगर खडीवाल्याचा, हे तिला कळत होतं. ती पडवीतून डोंगराकडं बघायची आणि रडायची.

त्या सकाळी गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाटलीणबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या, तर बाया एकमेकींना विचारत होत्या.

"आज डोंगर गप का गं?"

बघतात तर आवाज नाही म्हणून शेळ्या थेट डोंगराकडं वळलेल्या. "अगं बया, खात्यात की समदं!" म्हणत पाटलीणबाईंनी घागर कमरेवर घेतली आणि त्या धावल्या. त्यांच्यामागं झाडून साऱ्या बाया. शेळ्या हाकलल्या, पाणी घातलं, तरी झाडं काही मान वर करीनात. तेव्हा पाटलीणबाई पदर खोचून कडाडल्या, "मुडद्या, तुझ्यापायी पोरगी अंथरुणाला खिळली आणि तू मान टाकतोस?"

बघता बघता पानं ताठ झाली, असं म्हणतात. खाली पडवीत प्रमिलानं ते शब्द ऐकले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती कुणावरही न चिडता झोपली.

पुढच्या पावसाळ्यात पाटलांनी खडीवाल्याला वेशीवरूनच वाटेला लावलं. ट्रक आला. पोरं रोपं घेऊन डोंगरावर चढली, तर खड्डा एकही रिकामा नाही.

"आता लावायची कुठं?"

"नवे खोदा, मेल्यांनो!" प्रमिला ओरडली.

ती त्याच ट्रकनं परत गेली, असं काहीजण म्हणतात. काहीजण म्हणतात, गेलीच नाही, वळवाआधी डोंगरात गडगडतं ते तिचंच. ते काही असो. आसलवाडीत आजही शिबिराच्या पहिल्या दिवशी नव्या रोपाला हात लावू देत नाहीत. आधी प्रत्येकानं गेल्या सालचं एक झाड गाठायचं, त्याला पाणी घालायचं आणि प्रमिलाच्या नावानं खडसावायचं. शहरातली पोरं लाजतात. एखादी हळूच पुटपुटते, "जग हं बाळा."

की साऱ्या बाया एका सुरात ओरडतात, "अगं, अशानं मरतंय ते! नीट ओरड!"